प्लॅस्टिकची सळी आणि नळी अचूक कशी कापावी: स्केल मॉडेल करायला घेतलेल्यांसाठी

चौकोनी पट्टी टेबलावर बसते. पातं टेकवलं, दाबलं, काम झालं. गोल सळी घरंगळते आणि नळी पात्याखाली चपटी होते. स्केल मॉडेल करायला घेतलेले बरेच जण पहिल्यांदा इथेच अडतात, कारण गोल वस्तू टाळताच येत नाहीत. रेल्वेच्या डब्याखालचे ब्रेकचे पाइप, रणगाड्याचे एक्झॉस्ट, विमानाच्या चाकांचे दांडे, कारखान्याची धुराडी, पाण्याच्या टाकीचे खांब, सगळं गोल. शिवाय एकाच मापाचे दोन, चार, आठ तुकडे लागतात. एक तुकडा नीट कापणं जमून जातं. चौथा पहिल्याइतकाच यावा, खरी अडचण ती.

त्यावर उपाय आहे आणि तो हाताच्या सफाईवर फारसा अवलंबून नाही. लांबी स्टॉपरने ठरवायची, काटकोन साच्याने ठरवायचा, कापताना तुकडा केसभर लांब ठेवायचा आणि शेवटचं माप घासून आणायचं. या लेखात बाकी जे काही आहे ते याच चार गोष्टींचा तपशील आहे.

समजायला सोपं जावं म्हणून एक खरं काम धरू: १:८७ या, म्हणजे एचओ स्केलमधल्या, ब्रॉडगेज डब्याचे बाजूचे बफर. चेन्नईच्या पेरांबूरमधल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीने १९५५ पासून जे डबे बनवले, त्यांच्या प्रत्येक टोकाला दोन गोल बफर असतात. (आताच्या एलएचबी, म्हणजे जर्मन रचनेच्या, डब्यांना मधोमध सेंटर बफर कपलर, म्हणजे डबे जोडणारा आकडा असतो, बाजूचे बफर नसतात. मॉडेल कुठल्या डब्याचं करताय ते आधी पक्कं करा.) बफर म्हणजे बाहेर एक नळी, तिच्यात सरकणारा दांडा आणि पुढे गोल तबकडी. एका डब्याला असे चार लागतात. त्यातला एक ०.३ मिमीने आखूड झाला, तर खऱ्या डब्यावर ती चूक २६ मिमीची, म्हणजे इंचभराची होते. डबा बाजूने पाहिला की लगेच डोळ्यांत भरते.

सामान कोणतं घ्यायचं

मॉडेलसाठी पांढऱ्या पॉलिस्टायरीनच्या सळ्या-नळ्या सर्वांत सोयीच्या. अमेरिकेतल्या एव्हरग्रीन आणि प्लास्ट्रक्ट, जपानची तामिया ही यातली जुनी नावं. एव्हरग्रीनची मापं इंचात असतात, लांबी १४ इंच; १/१६ इंच म्हणजे १.६ मिमी, १/८ इंच म्हणजे ३.२ मिमी. तामियाची मापं मिलिमीटरमध्ये. प्लास्ट्रक्टकडे करड्या रंगाचं एबीएस हे दुसरं प्लॅस्टिकही मिळतं. ते जरा चिवट असतं, पण कापण्याची पद्धत तीच. आपल्याकडे हॉबीच्या दुकानांखेरीज आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना सामान विकणाऱ्या दुकानांत एबीएसच्या सळ्या आणि नळ्या मिळतात, आणि सरावासाठी त्या परवडतात. किटमधले भाग ज्या सांगाड्याला चिकटून येतात तो स्प्रूसुद्धा पॉलिस्टायरीनच असतो. तो टाकू नका, पहिले पंचवीस-तीस काप त्याच्यावरच करा.

घरातल्या वस्तू वापरताना जपून. कोल्ड्रिंकचे स्ट्रॉ, कान साफ करायच्या काड्या, रिफिलच्या नळ्या बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्या कापता येतात, पण मॉडेलचं सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद, त्यांना धरत नाही आणि रंगही सुटून येतो. ओळखायचं कसं? छोटा तुकडा पाण्यात बुडवून, आतली हवा काढून सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर येतं. पॉलिस्टायरीन आणि एबीएस पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने तळाशी जातात. जाळून पाहण्याची पद्धत काही जण सांगतात. पॉलिस्टायरीनचा काळा धूर घरात नको, पाण्याची परीक्षा पुरेशी आहे.

आपल्या बफरसाठी बाहेर ३.२ मिमीची नळी आणि आत १.६ मिमीची सळी धरू. नेमके आकार तुमच्या ड्रॉइंगवरून घ्या. विकत घेतानाच सळी नळीत घालून पाहा, कारण छापलेलं माप तेच असलं तरी एका कंपनीची सळी दुसऱ्या कंपनीच्या नळीत जाईलच असं नाही.

हत्यारं

कटर छोटा घ्या, ९ मिमी पात्याचा. त्याचं पातं सुमारे ०.३८ मिमी जाड असतं, मोठ्या १८ मिमीवाल्याचं ०.५ मिमी. पातं जितकं जाड तितकी पाचर मोठी आणि कापाचं टोक तितकं तिरकं. मग दाढीचं ब्लेड सर्वांत चांगलं का नाही? ते फक्त ०.१ मिमी असतं, पण इतकं लवचीक की सळीत शिरताना वाकतं आणि काप तिरका जातो. शिवाय दोन्हीकडून धार असल्याने बोटाला धोका. ते या कामाला वापरू नका.

दुसरं हत्यार बारीक दातांची करवत, जिला मॉडेलवाले रेझर सॉ म्हणतात. इंचाला ४० ते ५० दात, मागे ताठ पट्टी. साधा हॅकसॉ इथे का चालत नाही, ते समजून घेण्यासारखं आहे. २४ दातांच्या हॅकसॉमध्ये दोन दातांमधलं अंतर एक मिलिमीटरहून थोडं जास्त असतं. आपल्या नळीची भिंत त्याहून पातळ. म्हणजे भिंत दोन दातांच्या मधल्या खाचेत पडते, दात अडकतो आणि नळीचा टवका उडतो. इंचाला ५० दात असतील तर हे अंतर अर्धा मिलिमीटर होतं आणि दात भिंतीवरून सरकत जातात.

मापासाठी व्हर्नियर कॅलिपर हवाच. ०.०२ मिमी वाचणारा साधा स्टीलचा व्हर्नियर वर्षानुवर्षं टिकतो. डिजिटल घेतलात तर वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी जबडे मिटून शून्य तपासा. नळीचा व्यास मोजताना जबडे नुसते टेकवा. जोर दिला तर नळी दबते आणि आकडा कमी येतो. याखेरीज छोटा स्टीलचा गुण्या, ४०० आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर, तो चिकटवायला काचेचा तुकडा, मास्किंग टेप, टूथपिक आणि टोकदार पेन्सिल. खुणेसाठी मार्कर नको. त्याची शाई पुढे रंगातून वर येते.

मिनी ड्रिलला चकती लावून कापण्याचा मोह नवीन माणसाला होतोच. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि फिरती चकती तेवढी उष्णता काही क्षणांत निर्माण करते. काप होत नाही, प्लॅस्टिक वितळून चकतीला चिकटतं. हे काम हाताचंच.

बारीक सळी: पात्याखाली फिरवून

अडीच मिलिमीटरपर्यंतच्या सळीला करवत लागत नाही. पात्याने थेट दाबून कापलं तर मात्र पाचरीमुळे टोक दोन्ही बाजूंनी उतरतं आणि तळाला ओठ राहतो. म्हणून दाबायचं नाही, फिरवायचं.

कटिंग मॅटवर स्टीलची पट्टी टेपने घट्ट चिकटवा. ही झाली कुंपणाची कड. तिला काटकोनात प्लॅस्टिकचा एक ठोकळा चिकटवा, तो स्टॉपर. सळीचं टोक ठोकळ्याला टेकवा, मापाच्या जागी पातं सळीवर काटकोनात ठेवा आणि अगदी हलक्या दाबाने पुढे-मागे न्या. पोळपाटावर लाटणं फिरतं तशी सळी पात्याखाली फिरली पाहिजे. फिरताना तिचं टोक ठोकळ्याला टेकलेलंच हवं.

पहिला फेरा सर्वांत महत्त्वाचा. चिरेची सुरुवात आणि शेवट एकमेकांना मिळाले तर पुढचे फेरे त्याच चिरेत पडतात. मिळाले नाहीत तर स्क्रूच्या आट्यासारखी तिरकी चीर पडते आणि पुढे कितीही फिरवलं तरी ती सरळ होत नाही. असं झालं तर दोन मिलिमीटर पुढे सरकून नवी चीर पाडा. चीर व्यासाच्या पाव ते एकतृतीयांश खोल गेली की सळी दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवा. कट्‌ असा आवाज येऊन ती तुटते. टोकाच्या मधोमध बारीक टेंगूळ राहतं, वॉटर पेपरवर दोन वेळा ओढलं की जातं.

एक मिलिमीटरहून बारीक सळी तुटताना उडते आणि पुन्हा सापडत नाही. सुटणाऱ्या तुकड्यावर आधीच मास्किंग टेपचा तुकडा लावून ठेवा. तोडताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.

छिन्नीसारखं एकाच बाजूने धार असलेलं पातं मिळालं तर जरूर घ्या. त्याची सपाट बाजू ठेवायच्या तुकड्याकडे आणि उतार टाकायच्या तुकड्याकडे ठेवला की आपल्या तुकड्याचं टोक जवळजवळ सपाट येतं.

नळी: आतून आधार

नळीलाही हीच फिरवायची पद्धत चालते, पण आत काहीतरी घातलं पाहिजे. आत बसणारी सळी उत्तम. नसेल तर बांबूची काडी मापाला घासून घाला. ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडाही चालतो, मात्र पातं नळीच्या आरपार गेलं की स्टीलवर घासून त्याची धार जाते. आधार सैल असेल तर त्यावर टेपचा एक वेढा द्या.

नळी वाकवून तोडू नका. सळी मध्ये भरीव असते म्हणून सरळ तुटते. नळीची भिंत एका बाजूने फाटत जाते. चीर आरपार जाईपर्यंत फिरवत राहा. घाई केली, दाब वाढवला की नळी अंडाकृती झालीच.

आखणीसाठी एक जुनी आणि अतिशय भरवशाची युक्ती: सरळ कडेची कागदाची पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा. पट्टीची कड वेढ्यागणिक स्वतःवरच नेमकी पडली, तर ती कड नळीला काटकोनात आहे. तिच्यालगत पेन्सिल फिरवा. जाड नळ्यांना, म्हणजे दहा मिमीच्या वरच्या, मी हीच रेघ धरून करवतीने थोडं थोडं फिरवत कापण्याच्या मताचा आहे. त्यांच्यासाठी साचा करत बसण्यात अर्थ नाही.

आणि एक-दोन तुकडेच हवे असतील तर इथवरचं पुरतं. चार सारखे हवे असतील तर साचा करा. त्यात एक संध्याकाळ जाते, पण पुढे त्या व्यासाच्या प्रत्येक कामात ती वसूल होते.

साचा

बाजारात तयार मायटर बॉक्स, म्हणजे करवत सरळ चालावी म्हणून खाचा पाडलेल्या पन्हळी, मिळतात. त्यांची खाच बहुधा करवतीपेक्षा रुंद असते आणि पन्हळ आपल्या सळीपेक्षा कितीतरी मोठी, त्यामुळे पातं खाचेत डुलतं आणि सळी पन्हळीत. लाकडाच्या पट्ट्यांना ते ठीक आहे. ३.२ मिमीच्या नळीला तिच्या मापाचाच साचा हवा, आणि तो घरी होतो.

१. नावाच्या पाट्या करणाऱ्या लेझर कटिंगवाल्याकडून ५ मिमी अॅक्रिलिकच्या दोन सरळ पट्ट्या घ्या, लांबी १०० मिमी, रुंदी १५ मिमी. तळासाठी तशाच अॅक्रिलिकचा १०० बाय ४० मिमी तुकडा.

२. पहिली पट्टी तळावर झटपट गोंदाने चिकटवा. तिला लागून ३.२ मिमीचं ड्रिल बिट ठेवा, गुळगुळीत दांड्याचा भाग कामाला येईल असं. दांड्यावर सेलोटेपचा एक वेढा द्या. दुसरी पट्टी दांड्याला टेकवून चिकटवा आणि गोंद सुकायच्या आत बिट काढून घ्या. पन्हळ लांब असेल तर बिट पुढे सरकवत थोड्या थोड्या टप्प्याने चिकटवा. टेपच्या जाडीमुळे नळी आत सरकेल पण डुलणार नाही.

३. गुण्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला टेकवून, एका टोकापासून ३० मिमीवर दोन्ही पट्ट्यांमधून तळापर्यंत खाच कापा. खाच त्याच करवतीने कापायची जिने पुढे नळी कापणार आहात, म्हणजे तिची रुंदी करवतीला बरोबर बसते. साच्यातलं हे एकच काम जिवापाड जपून करण्याचं आहे. खाच तिरकी गेली तर पुढचा प्रत्येक तुकडा तिरका येईल. उभी आणि आडवी, दोन्ही दिशांनी गुण्या लावून पाहा.

४. आता स्टॉपर. ३० मिमीच्या बाजूच्या टोकाला एम३ चा, म्हणजे ३ मिमी बोल्टचा, नट आणायचा आहे. नटमधून एम३ चा लांब बोल्ट घाला, बोल्ट पन्हळीत आडवा ठेवा, नट साच्याच्या टोकाला चपटा टेकवा आणि अरल्डाइटने चिकटवा. आट्यांना आधी तेलाचं बोट लावा, नाहीतर बोल्टही चिकटून बसेल. बोल्टचं टोक कानशीने सपाट करून घ्या.

बोल्टच का? एम३ च्या साध्या आट्यांचा पिच ०.५ मिमी असतो. एक पूर्ण फेरा फिरवला की स्टॉपर नेमका अर्धा मिलिमीटर सरकतो, पाव फेऱ्याला ०.१२५ मिमी. पट्टीवर रेघा मोजत बसण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं. आणि बोल्ट पन्हळीतच असल्याने नळीच्या बरोबर समोर येतो.

कापताना नळी पन्हळीत घालून बोल्टला टेकवा, बोटाने एका पट्टीकडे दाबून धरा. करवत जवळजवळ आडवी ठेवून हलक्या हाताने चालवा. दात कुठल्या दिशेला झुकलेत ते पाहा, कारण काही करवती ओढताना कापतात, काही ढकलताना. एकतृतीयांश काप झाला की नळी जागच्या जागी फिरवा, पुन्हा तेवढंच कापा, पुन्हा फिरवा. अशाने भिंत नेहमी बाहेरून आत कापली जाते आणि शेवटी टवका उडत नाही. तुकडा सुटण्याच्या बेतात आला की टूथपिकने त्याला वरून दाबून ठेवा, म्हणजे तो वाकडा होऊन करवतीत अडकत नाही.

करवत किती खाते

पात्याच्या कापात प्लॅस्टिक बाजूला सरतं, करवतीच्या कापात ते भुसा होऊन जातं. म्हणून करवत किती खाते हे माहीत असावं लागतं. एका सळीचा तुकडा व्हर्नियरने मोजा, मधून कापा, दोन्ही अर्धे मोजून बेरीज करा. मूळ लांबीतून बेरीज वजा केली की करवतीची खाच कळते. बारीक करवतीला ती पाव मिलिमीटरच्या आसपास येते. हा आकडा साच्यावरच लिहून ठेवा. पट्टीवर ५, १०, १५, २० मिमीवर एकदम खुणा करून कापत गेलात तर प्रत्येक तुकडा खाचेइतका आखूड येईल. खुणा करायच्याच नाहीत. एक कापा, नळी पुन्हा स्टॉपरला टेकवा, दुसरा कापा.

आपल्या बफरची नळी समजा ५ मिमी हवी आहे. स्टॉपर ५.३ मिमीवर बसवा. त्यासाठी आधी एक तुकडा कापा, मोजा, फरक बघून बोल्ट फिरवा, पुन्हा कापा. माप बसलं की बोल्टला हात लावू नका आणि सगळे तुकडे एका बैठकीत कापा. चार हवे असतील तर सहा कापा.

घासून नेमक्या मापाला आणणं

हाताने तुकडा धरून वॉटर पेपरवर घासला तर तो डुलतो आणि टोक घुमटासारखं होतं. तुकड्याला कोणीतरी सरळ धरायला हवं. त्यासाठी एक ठोकळा करा, आणि ठोकळ्याची जाडीच तुकड्याची लांबी ठरवू द्या.

अॅक्रिलिकचा सुमारे ४ मिमी जाड तुकडा घ्या. त्यात ३.३ मिमीचं भोक ड्रिल मशीनवर, उभं आणि सरळ पाडून घ्या. फॅब्रिकेशनच्या दुकानात हे काम लगेच करून देतात. भोकाच्या दोन्ही तोंडांवर एम३ चा एकेक वायसर चिकटवा. एम३ च्या वायसरचं भोक ३.२ मिमीचं असतं, आपल्या नळीला अगदी बेतलेलं. घट्ट वाटलं तर गोल कानशीचा एक हात द्या. ठोकळा आणि दोन वायसर मिळून जाडी व्हर्नियरने मोजा. वायसर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतात, म्हणजे एकूण ५ मिमीच्या आसपास येतं. बाजारातलं अॅक्रिलिक छापील जाडीचंच असेल असं धरू नका, मोजूनच घ्या. पाच ऐवजी ५.०६ आलं तरी बिघडत नाही. चारही बफर ५.०६ झाले म्हणजे झालं. सारखेपणा आकड्यापेक्षा मोठा.

आता ५.३ मिमीचा तुकडा भोकात घाला. एका बाजूने किंचित बाहेर येऊ द्या आणि काचेवर चिकटवलेल्या ४०० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरवर ठोकळा गोल गोल फिरवा. स्टीलचा वायसर कागदाला लागला की हाताला लगेच कळतं, प्लॅस्टिकची पकड जाऊन ठोकळा सरकायला लागतो. मग उलटा करा, घासलेलं टोक त्याच्या बाजूच्या वायसरच्या पातळीला आणून काचेवर टेकवा आणि दुसरं टोक घासा. शेवटी ६०० नंबर. पाणी वापरल्याने भुकटी हवेत उडत नाही आणि कागदही भरत नाही.

टोकावर राहिलेली कुसळं आतून काढायला पात्याचं टोक नळीत हलकेच गोल फिरवा. बाहेरची कड टूथपिकवर गुंडाळलेल्या पेपरने एकदा पुसा. कड गोलसर होऊ देऊ नका, रंग दिल्यावर ती खूप दिसते.

तबकड्या, तिरके काप, खोबण

बफरची तबकडी सळी कापून करता येते, पण अर्ध्या मिलिमीटरहून पातळ चकत्या सळीतून काढू नयेत असं माझं ठाम मत आहे. पात्याने काढली तर ती वळते, करवतीने काढली तर सरळ ठेवणं अवघड. त्यापेक्षा स्टायरीनच्या ०.५ मिमी पत्र्यातून चामड्याच्या होल पंचने गोल पाडा. हार्डवेअरच्या दुकानात वेगवेगळ्या व्यासांचे पंच मिळतात. खाली कडक लाकूड ठेवा आणि पंच उभा धरून एकाच ठोक्यात पाडा. षटकोनी सळीतून बोल्टची डोकी काढायची असतील तेव्हा मात्र सळीच कापावी लागते. तिथे जाड चकती कापून, दुहेरी टेपवर चिकटवून, घासून पातळ करा.

पाइपला काटकोनात वळण द्यायचं असेल तर साच्यात ४५ अंशांची दुसरी खाच पाडा. नळी कापा, एक तुकडा अक्षाभोवती अर्धा फेरा फिरवा आणि तोंडाला तोंड जोडा, कोपरा तयार. लांबी नेहमी नळीच्या मध्यरेषेवर मोजायची, बाहेरच्या कडेवर मोजली तर दोन्ही हात व्यासाच्या निम्म्याने आखूड पडतात.

एक नळी दुसरीच्या पोटाला येऊन मिळते तिथे सपाट टोक चालत नाही, मध्ये फट राहते. मोठ्या नळीपेक्षा किंचित बारीक सळीवर वॉटर पेपर गुंडाळा, कागद धरून व्यास मोठ्या नळीइतका झाला पाहिजे. त्यावर छोट्या नळीचं टोक काटकोनात घासत गेलं की खोबण आपोआप बसते. ही खोबण घासताना लांबी कमी होते, म्हणून तुकडा आधीच एक-दीड मिलिमीटर लांब ठेवा.

पाती आणि सिमेंट

पातं बोथट झालं की दाब वाढतो, आणि या कामात दाब वाढला की सगळं बिघडतं. दहा-पंधरा कापांनंतर टोक मोडून नवं घ्या. मोडलेले तुकडे कचऱ्यात सुटे टाकू नका, कचरा उचलणाऱ्यांचे हात कापतात. जुन्या गोळ्यांच्या बाटलीत साठवा आणि झाकण चिकटवून टाका. पातळ सिमेंटमध्ये अॅसिटोनसारखी द्रावकं असतात, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जवळ ज्योत नको.

जोडणी

चार नळ्या, चार सळ्या आणि चार तबकड्या तयार झाल्या की आधी तबकडी सळीला जोडा. तबकडीवर मध्य काढण्यासाठी नळीचाच एक उरलेला तुकडा वापरा: तो तबकडीवर डोळ्यांनी मधोमध ठेवून त्यातून सळी उभी घाला, म्हणजे ती आपोआप काटकोनात उभी राहते. मुळाशी पातळ सिमेंटचा एक थेंब, आणि नळीचा तुकडा लगेच वर उचलून घ्या, नाहीतर तोही चिकटेल.

मग नळ्या डब्याच्या टोकाच्या तुळईवर. भारतीय ब्रॉडगेजवर रुळाच्या माथ्यापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची रिकाम्या डब्याला जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरलेल्याला कमीत कमी १०३० मिमी ठरलेली आहे. १:८७ मध्ये ती १२.७ ते ११.८ मिमी होते. उभा डबा दाखवायचा असेल तर १२.५ च्या आसपास धरा आणि चाकं लावूनच उंची मोजा.

सळ्या सर्वांत शेवटी. त्या नळीत घाला, पण सिमेंट लावू नका. दोन्ही तबकड्यांवर स्टीलची पट्टी आडवी टेकवा आणि गुण्याने पाहा की पट्टी डब्याच्या लांबीला काटकोनात आहे. एखादी तबकडी मागे राहिली असेल तर पट्टीखालून उजेड दिसेल; तेवढी सळी पुढे ओढा. पट्टी दोन्हीकडे सारखी टेकली की मगच नळीच्या तोंडाशी ब्रशने सिमेंटचा हलका स्पर्श करा. ते फटीतून स्वतःच आत ओढलं जातं. पट्टी तशीच धरून एक मिनिट थांबा, आणि डबा रात्रभर हलवू नका.